अठ्ठेचाळीस मिनिटांची चूक

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आपल्या संस्थेचे आधारवड आदरणीय शहादेवअण्णा, मुख्याध्यापक रामहरी सर, व्यासपीठावरील सर्व संचालक मंडळी, सत्कारमूर्ती सिद्धलिंग हालगे सर, त्यांच्या शेजारी बसलेल्या शिवकांताकाकू, गुरुजनहो, नेकनूरकर ग्रामस्थहो, आणि खुर्च्या संपल्यामुळे मागे भिंतीला टेकून उभे असलेले माझे आजी-माजी सहाध्यायी,

आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मी वैष्णवी. याच शाळेत दहावीपर्यंत शिकले. सध्या पुण्यात एका कंपनीत नोकरी करते. तिथे व्हिडिओ गेम तयार होतात. माझ्याआधी बोललेल्या मंडळींनी सरांचा शिस्तप्रियपणा सांगितला, त्यांची एकतीस वर्षांची सेवा सांगितली, फळ्यावर मोकळ्या हाताने भारताचा नकाशा काढायची त्यांची हातोटी सांगितली. ते सगळं मला मान्य आहे आणि ते पुन्हा सांगून मी तुमचा वेळ घेणार नाही.

मला दुसरंच काही सांगायचं आहे. इथे बसलेल्या पुष्कळ जणांना गेल्या दोन महिन्यांत सरांचं एक पोस्टकार्ड आलं. मघाशी फाटकापाशी मला तिघांनी विचारलं, हे कार्ड काय प्रकरण आहे म्हणून. त्यावर चारच ओळी आहेत. 'चंद्र रोज अठ्ठेचाळीस मिनिटे उशिरा उगवतो, असे मी तुमच्याकडून नववीत पाठ करून घेतले. ते बरोबर नाही. मी चुकलो. स्वतः पाहावे.' खाली सही.

निवृत्तीच्या तोंडावर एखाद्या शिक्षकाने जुन्या विद्यार्थ्यांचे पत्ते शोधून शोधून असं का लिहावं? मी सरांना म्हटलं, तुम्हीच सांगा ना सगळ्यांना. ते म्हणाले, "मला न्हाई जमणार. तू सांग."

म्हणून उभी आहे.

सरांची मुलगी रुद्राणी माझ्या वर्गात होती, हे जुन्यांना आठवत असेल. पुढच्या बाकावर बसायची. पुढे आम्ही दोघी एकाच कंपनीत लागलो. त्या वेळी आमच्याकडे एका मोठ्या खेळाचं काम चालू होतं. त्यात गड होते, राक्षस होते, पंख असलेले घोडे होते. सगळंच कल्पनेतलं. अशा खेळात आभाळ म्हणजे नुसता मागचा पडदा असतो. निळा रंग द्यायचा, चांदण्या टाकायच्या, गडाच्या बुरुजामागे बारा महिने पौर्णिमेचा चंद्र लटकवायचा. कोण बघतं?

रुद्राणीने हट्ट धरला. आभाळ खरं चाललं पाहिजे. चंद्र कलेकलेने वाढावा, अमावास्येला खरोखर काळोख पडावा, ग्रह आपापल्या गतीने फिरावेत, त्यातला तांबडा ग्रह मध्येच वक्री व्हावा आणि पुन्हा सरळ चालू लागावा. खेळातला एक दिवस आपल्या एका दिवसाएवढाच असावा. मीटिंगमध्ये लोक हसले. राक्षस उडतोय ते चालतं आणि चंद्राचं गणित कशाला, असं विचारलं. ती म्हणाली, राक्षस आपण बनवलाय, तो आपण म्हणू तसा उडेल. चंद्र कुणाच्या म्हणण्याने चालत नसतो, तेवढी एक गोष्ट तरी या जगात राहू द्या.

सात महिने तिने त्यावर काम केलं. दीड-दोन डझन ग्रह-उपग्रह आणि हजारो तारे. दर वेळी प्रत्येकाची जागा गणिताने काढली जाते, कुठे काही चिकटवलेलं नाही. मी शेजारच्या खुर्चीवर होते. मी पाहिलंय.

सर, म्हणजे तिचे अप्पा, तेव्हा तिच्याशी फारसं बोलत नव्हते. सर, मी सांगते आहे, रागावू नका. मुलगी इतकी शिकली आणि खेळणी बनवत बसली, हे त्यांना पटलेलं नव्हतं. फोन काकूंचा यायचा. सर मागून विचारायचे, जेवली का म्हणून. तेवढंच.

आपलं आभाळ बरोबर चालतंय की नाही हे तपासायला रुद्राणीने खेळात एक निरीक्षक उभी केली. म्हणजे एक बाईमाणूस, खेळातलंच एक पात्र. कुठल्याही खेळाडूच्या हातात नसलेलं, आपोआप चालणारं. रोज चंद्र उगवायच्या वेळी तिने एका घराच्या गच्चीवर जायचं, चंद्र दिसला की नोंद करायची आणि खाली यायचं. त्या नोंदी एका फाइलमध्ये साठत जायच्या. रुद्राणीने त्या मराठीत लिहिल्या होत्या. 'गच्चीवर आले. आकाश स्वच्छ. चंद्र उगवला. खाली जाते.' चंद्र दिसला नाही तर दर पाच मिनिटांनी एक ओळ, 'चंद्र अजून नाही. थांबते.' आणि शेवटी, 'निरीक्षक : रुद्राणी.'

ते पात्र सुरू केल्यावर चौथ्या दिवशी तिला ताप आला. साधा वाटला. पुढच्या सहा दिवसांत ती गेली. सर आणि काकू पोचले तेव्हा ती बोलण्याच्या अवस्थेत नव्हती.

त्यानंतरचं वर्ष मी सांगत नाही. इथल्या बहुतेकांनी ते पाहिलेलं आहे.

चौदा महिन्यांनी आमच्या वरिष्ठांनी मला एक काम दिलं. खेळ बाहेर काढायची वेळ आली होती, चाचणीसाठी चालू ठेवलेलं जे जे नको असेल ते बंद करायचं होतं. त्या यादीत ही गच्चीवरची निरीक्षक होती. बंद करायच्या आधी मी नोंदींची फाइल उघडली.

मंडळी, मी काही भाबडी बाई नाही. आज्ञावली लिहून पोट भरते. ते पात्र का चालू आहे हे मला नीट माहीत होतं. कुणी बंद केलं नाही म्हणून चालू होतं, एवढंच. तरीसुद्धा त्या दिवशी भर दिवसा, ऑफिसमध्ये माणसं बोलत असताना, मी माउसवरचा हात काढून घेतला. कारण शेवटची नोंद अकरा वाजून वीस मिनिटांची होती. त्याच सकाळची. 'चंद्र अजून नाही. थांबते.' तिच्यावरची तीच. तिच्यावरचीही तीच. पानंच्या पानं. आणि मी वाचत असताना खाली आणखी एक ओळ उमटली. 'थांबते.'

मला ते बंद करता येईना. आणि न विचारता चालू ठेवणंही बरं वाटेना. दिवाळीच्या सुट्टीत मी इकडे आले, लॅपटॉप घेऊन सरांच्या घरी गेले.

सर आधी बघायला तयार नव्हते. काकूंनी चहा ठेवला आणि त्या म्हणाल्या, "बघा की. लेकरानं केलंय ते बघायला काय जातंय?" मग सरांनी चष्मा लावला. मी त्यांना खेळातलं आभाळ दाखवलं. ते पडद्याजवळ सरकले. मग उठले, कपाटातून कंपासपेटी काढली, कोनमापक पडद्याला लावला आणि क्षितिजापासून ध्रुवताऱ्याची उंची मोजली. "एकोणीस अंश," म्हणाले. "ध्रुव जितका वर, तितका गावाचा अक्षांश. हे नेकनूरचं आभाळ हाय."

मला सात महिने शेजारी बसून ते कळलं नव्हतं.

मग मी नोंदी दाखवल्या. त्या वाचताना सरांचा चेहरा मी पाहिला नाही, खिडकीतून बाहेर बघत बसले. काकूंना वाचून दाखवावं लागलं. त्यांनी एकच विचारलं, रोज थांबती का म्हणून. मी हो म्हटलं.

सरांनी सगळ्या नोंदी छापून मागितल्या. बीडला जाऊन मी त्या छापून आणल्या, दोन गठ्ठे झाले. तीन आठवड्यांनी त्यांचा फोन आला, ये म्हणाले. त्यांनी आलेखाच्या कागदावर रोजच्या थांबण्याचा वेळ मांडला होता. रेघ थोडी थरथरती होती, पण चढत गेलेली. पहिल्या दिवशी दोन-तीन मिनिटं. महिन्याने तासाच्या वर. आता सतरा-अठरा तास. ती वर जायची, जवळजवळ सबंध दिवस तिथे उभी राहायची, चंद्र दिसला की खाली यायची आणि सहा-सात तासांत तिला पुन्हा वर जावं लागायचं.

सर म्हणाले, "अजून पाच महिन्यांनी तिला खालीच येता येणार नाही. ती वर असतानाच वर जायची वेळ होईल."

मग त्यांनी विचारलं, वर कधी जायचं हे तिला कोण सांगतं? मी ती आज्ञावली उघडली. सरांनी पडद्यावर बोट ठेवलं. तिथे आकडा होता. अठ्ठेचाळीस.

रुद्राणीने आभाळ खरं केलं होतं. त्यातला चंद्र आपल्या चंद्रासारखा रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवत होता, कधी कमी, कधी जास्त. पण त्या निरीक्षकेला तिने सांगितलं होतं, रोज अठ्ठेचाळीस मिनिटं उशिरा जा. दिवसाला दोन-अडीच मिनिटांची चूक. एवढीशीच. आणि त्या आकड्यापुढे तिने स्वतःसाठी दोन शब्द लिहून ठेवले होते. 'अप्पांचा नियम.'

सर खुर्चीवर बसले. पाणी मागितलं, पण प्यायले नाहीत. मग जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं, मी त्याच वर्गात असूनही.

नववीत सरांनी तो नियम शिकवल्यावर रुद्राणीने घरच्या गच्चीवरून आठ दिवस चंद्र पाहिला. घड्याळ लावून वेळा लिहिल्या. कुठे बावन्न आले, कुठे पंचावन्न. एकदाही अठ्ठेचाळीस आले नाहीत. तिने वही घरी सरांपुढे ठेवली. सरांना वाटलं, पोरीनं घड्याळ चुकीचं लावलं. म्हणाले, मी कशाला चुकीचं सांगंन, पुस्तकात हाय तेच परीक्षेत लिही. ती म्हणाली, "अप्पा, तुमी एकदा वर या. एकदा बघा."

"मी पेपर तपासत होतो," सर मला म्हणाले. "येतो म्हणलो. ती वर जाऊन थांबली. मी गेलो न्हाई."

पुन्हा तिने कधी बोलावलं नाही.

आता तुम्ही मला विचाराल, आणि सरांनीही विचारलं, तिला ठाऊक होतं का? सगळं आभाळ अचूक मांडणाऱ्या मुलीला एक आकडा चुकीचा आहे हे कळलं नसेल? घाईत, लहानपणी पाठ केलेला आकडा सवयीने पडला? की तिने तो मुद्दाम लिहिला? विश्वासाने लिहिला की तक्रार म्हणून? मी शेजारी बसत होते, आणि मला माहीत नाही. सरांना मी तेच सांगितलं. बरं वाटावं म्हणून काही जुळवून सांगावंसं वाटलं होतं. पण ज्या माणसाने आलेख काढून सत्य शोधलं, त्याच्यापुढे खोटं बोलायचा धीर झाला नाही.

मी म्हटलं, पन्नास लिहू का? सर नको म्हणाले. कुठलाही ठरीव आकडा लिहिला तरी कधी ना कधी चुकणारच. तिला आकडा देऊ नकोस, चंद्र कुठे आहे ते आभाळालाच विचारू दे. मी तशी ओळ लिहिली. जुना आकडा सरांनी स्वतः खोडला, एका बोटाने, आधी आठ आणि मग चार. 'अप्पांचा नियम' हे शब्द मात्र ते खोडेनात. मीही सुचवलं नाही. ते अजून तिथे आहेत, शेजारी आकडा नसलेले.

त्या दिवशी खेळातला चंद्र दुपारी उगवणार होता. आम्ही तिघं पडद्यापुढे बसलो. काकूंनी भाकरी तव्यावरच ठेवली होती, जळाल्याचा वास आला तरी कुणी उठलं नाही. दोन वाजून गेले आणि ओळी आल्या. 'गच्चीवर आले. आकाश स्वच्छ. चंद्र उगवला. खाली जाते.'

एकदाही 'थांबते' आलं नाही.

काकूंनी विचारलं, "खाली म्हंजी कुठं जाती?"

त्या घराला गच्ची आहे, जिना आहे, आत खोली नाही. लागणार नव्हती, म्हणून कुणी बनवली नाही. पात्र पायऱ्या उतरतं आणि दुसऱ्या दिवशी चंद्र उगवेपर्यंत ते नसतंच. मी काकूंना तसंच सांगितलं. कुठेच जात नाही, काकू.

त्या पडद्याजवळ वाकल्या. मग म्हणाल्या, "पायऱ्या तरी नीट हाईत का?"

मी सांगितलं, आहेत. रुंद आहेत, कठडाही आहे.

"मग ठीक हाय," म्हणाल्या, आणि तव्याकडे गेल्या.

पुण्याला परतल्यावर मी वरिष्ठांना कळवलं की हे पात्र मी बंद करणार नाही. कारण विचारलं, तेव्हा आभाळ तपासायला लागतं असं सांगितलं. त्यात खोटं काही नव्हतं. खेळ आता बाहेर आला आहे. कुठल्या कुठल्या देशांतले लोक तो खेळतात. काहींनी लिहून विचारलं की त्या गच्चीवर रोज येणारी बाई कोण, तिच्याशी बोलता का येत नाही, तिच्याकडे काही काम मिळतं का. आम्ही उत्तर दिलेलं नाही. काय देणार? किती वर्षं हा खेळ चालू राहील हे माझ्या हातात नाही, हेही मी सरांना सांगितलं आहे. ते 'बरं' म्हणाले.

सर, आज शाल झाली, श्रीफळ झालं, तुमच्या एकतीस वर्षांचा गौरव झाला. तुम्ही आम्हाला पुष्कळ बरोबर शिकवलंत, ते आम्ही परीक्षेत लिहून विसरलो. पण साठीच्या उंबरठ्यावर पत्ते हुडकून, एकेकाला स्वतःच्या हाताने 'मी चुकलो' असं लिहिणारा शिक्षक मी दुसरा पाहिला नाही. त्यासाठी मी आज तुमच्या पाया पडायला आले.

संस्थेने मला बोलायची संधी दिली, अध्यक्षांनी दोनदा घड्याळाकडे पाहूनही थांबवलं नाही, माइक सांभाळणाऱ्या प्रवीणभाऊंनी आवाज जाऊ दिला नाही, आणि तुम्ही सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, त्याबद्दल मी ऋणी आहे. घरातली गोष्ट मी चारचौघांत बोलले. सरांना विचारलं होतं, काकूंना विचारलं होतं. जिची गोष्ट आहे तिला विचारता आलं नाही. माझ्या बोलण्यात उणं-अधिक झालं असेल ते तुम्ही पोटात घालाल, हे मला ठाऊक आहे. तिच्या वतीने मात्र 'चालेल' असं मला कुणी सांगू शकत नाही.

एवढं बोलून मी थांबते. नमस्कार.