ज्या गाण्यात ड्रम नाहीत

नाही, पण मला एक सांगा, ज्या गाण्यात ड्रम वाजवायचेच नाहीत त्या गाण्याला ड्रमर कशाला बोलावता हो? आं? मी काय स्टुडिओत हवा खायला गेलो होतो? हवा तरी कुठली, पंखा बंद! पंख्याची घरघर माइकमध्ये येते म्हणून ऑगस्टातल्या अलेक्झांड्रियात पंखा बंद, खिडक्या बंद, दार बंद, आत आम्ही पाच जण वाफेवर शिजतोय, आणि आमचा म्होरक्या उस्ताद मेधत म्हणतो कसा, "वगदी, गाणं विरहाचं आहे रे, पहिल्या कडव्यात जरा थांब." थांबलो. मांडीवर काठ्या, आणि मी बसलोय!

तुम्ही म्हणाल, बसलास तर बसलास, त्यात काय एवढं? अहो, लग्न अडलं होतं माझं! नगलाचे वडील, हाजी शाफी, मुहर्रम बेक मोहल्ल्यात त्यांचं शिजवलेल्या पावट्यांचं दुकान. मी मुलगी मागायला गेलो, तर हंडा ढवळता ढवळता विचारतात, "करतोस काय?" म्हटलं, बँडमध्ये ड्रम वाजवतो. "ते मीही वाजवतो," म्हणाले, आणि पळी हंड्यावर हाणली... ठण्ण! "कॅसेटवर ऐकू आलास की ये. माणसाचं काम ऐकू आलं पाहिजे." झालं! तीन महिने नगला तिच्या गॅलरीत, मी समोरच्या फुटपाथवर, आणि मधे हे गाणं!

हां, तर पंखा बंद. आमचा गायक इहाब दर टेकनंतर बडीशेपेचा काढा पिणार, घसा खाकरणार, केस नीट करणार. माइकला केस दिसतात का हो? मेधत म्हणतो, "वगदी, दुसऱ्या कडव्यातही नको, तिथे तिचं मन मोडतं." म्हटलं, उस्ताद, मोडताना आवाज होतोच की! पण ऐकतो कोण? बरं, तिसरं कडवं? "तिसऱ्यात तर ती निघूनच जाते." मग मी घरी जाऊ? "छे छे, शेवटी एक झांज. एकच. मी मान हलवली की." त्या एका झांजेसाठी माझ्या डोक्याच्या वर माइक टांगला, तो चालू केला, आणि मी बसलोय!

एकोणिसावा टेक. इहाब "जाऊ नकोस" म्हणून थांबला. मी काठी वर उचलली, डोळे मेधतवर... आता हलवेल मान, आता हलवेल... आणि मेधतनं बोट हलवलं. नको! तुम्हाला सांगतो, त्या क्षणी तीन महिने, हाजी, पावटे, पंखा, गॅलरीतली नगला, सगळं एका दमात माझ्या छातीतून बाहेर पडलं... हाऽऽऽह! आणि वर माइक चालू!

मेधत उडालाच. "हाच! हाच टेक! इहाब, काय उसासा टाकलास रे!" आणि इहाब? डोळे मिटून म्हणतो, "आतून आला, उस्ताद." आतून आला म्हणे! माझ्या आतून आला होता, मेल्या!

कॅसेट निघाली, आणि काय सांगू, न्हाव्याकडे तेच, रसवाल्याकडे तेच, ट्रॅममध्ये तेच! एक टॅक्सीवाला तर कॅसेट मागे फिरवून फिरवून तेवढाच तुकडा लावतोय, "ऐका हं, आता येतो... हाय! काय भोगलंय या माणसानं!" आणि मागच्या सीटवर? मी बसलोय! कव्हरवर आम्हा पाचांचा फोटो आहे, तोही असा, की कागदाची घडी नेमकी माझ्या नाकावरून जाते.

तशीच कॅसेट घेऊन हाजींकडे गेलो. लावली. म्हटलं, हा उसासा माझा. "उसासा? अरे, तो तर त्या देखण्या पोराचा." माझा आहे हो! "मग टाकून दाखव." टाकला. हाजी म्हणाले, "हा दम्याचा." पुन्हा टाकला. एक गिऱ्हाईक म्हणतं, "हा अपचनाचा." सगळं दुकान हातात भाकरी धरून परीक्षक होऊन बसलेलं! तिसरा टाकला, तर मागून कोणीतरी हसलं. तेव्हा हाजींनी पळी खाली ठेवली आणि अगदी प्रेमानं म्हणाले, "जा बाबा. नगलासाठी मी दुसरीकडे बोलणी लावतो."

आणि आला! न बोलावता आला... हाऽऽऽह! भाकऱ्या जागच्या जागी थांबल्या. एका म्हाताऱ्यानं डोळे पुसले. हाजी कांद्याला शिव्या देत म्हणाले, "हाच तो. शुक्रवारी आईला घेऊन ये."

लग्न झालं हो, झालं! पण सुटलो का? इहाबला स्टेजवर तो उसासा काही जमेना, उचकीसारखा यायचा. म्हणून आता लग्नालग्नांत ड्रमपुढचा माइक माझ्या तोंडापुढे. इहाब छातीवर हात ठेवतो, उसासा मी टाकतो, नवऱ्यामुलीकडच्या बायका रडतात त्याच्याकडे बघून! माझ्या स्वतःच्या लग्नात नवरा मी, फुलांच्या खुर्चीवर, तरी माइक आणून दिला!

बरं, घरी तरी? दमून आलो, पाय पसरले, दिवसभराचा एक खराखुरा उसासा वर यायला लागला, की आतून नगला ओरडते, "वगदी, फुकट घालवू नकोस! गुरुवारी दोन लग्नं आहेत!"

मग काय... आलेला गिळतो, आणि बसतो.