खड्ड्यातला खुंट

(साल १९३६. चांदवडच्या अलीकडे, आग्रा रस्त्याच्या कडेचा खड्डा. मजूर सोमा, त्याची बायको भागीबाई आणि मुकादम कादर.)

सोमा : एक कुदळ, एक फावडं, दोन घमेली, त्यातलं एक फुटकं. मधी मातीचा खुंट. आन् माणसं दीड.

भागीबाई : दीड कशी वो?

सोमा : मी एक. तू बसलीस, म्हणून अर्धी.

भागीबाई : सकाळधरनं सगळी माती रस्त्यावर त्या अर्धीनंच वाहिली. बसा मोजत! मुकादम आत्ता येतील मापाला. तीन फुटाला कमी भरलं तर उद्या येऊ नका म्हणालेत कादरभाई.

सोमा : तेच बघतोय. आजूबाजूनं खणलं, खुंट तसाच ठेवला. ह्याची उंची तीच खड्ड्याची खोली. तीन फूट म्हंजी दोन हात पायजे, माझ्या हातानं पावणेदोनच भरतोय.

भागीबाई : सरा. हे बघा, दोन. वर बोटभर जास्तच.

सोमा : तुझा हात आखूड.

भागीबाई : तुमचा लांब. बसल्या जागेवरनं भाकरीच्या टोपल्यात पोचतो तो!

सोमा : मंग कादरभाई कुणाचा हात धरंल?

भागीबाई : माझा धरून तर बघू दे!

सोमा : गेल्या साली हितंच खणलं व्हतं का गं?

भागीबाई : हितंच. पावसाळ्यात गाळानं भरला.

सोमा : म्हंजी पुढल्या साली पुन्यांदा. गवंडी भिंत दाखवतो, कुंभार गाडगं. मी काय दाखवू? बघा पावणं, हितं माती व्हती, ती आता नाय?

भागीबाई : तुमच्याकडं बघायला येतंय कोण? उठा, अजून चार बोटं खणू.

सोमा : खाली कशाला? वर वाढवू. वढ्यावरनं गवताचं ढेकूळ आणलंय. हे बघ, टोपीवानी बसलं!

भागीबाई : अवो, हे हिरवंगार लव्हाळं! ह्या मुरमात कुसळंसुद्धा वाळत्यात. एकट्या खुंटाला नदी लागली का काय?

सोमा : गप. आले.

कादर : काय रे सोमा, खुंट लई हिरवा दिसतो?

सोमा : माती चांगली हाय, भाई.

कादर : सकाळी तर सुका होता. आता डोक्यातनं पाणी टपकतंय.

सोमा : घाम असंल. कवाधरनं हुबा हाय.

कादर : या अल्ला! काढ ती टोपी.

सोमा : काढतो. पर भाई, उद्याचं... दुसरीकडं कुठंच काम नाय. घरी बसलं का दिस सरत नाय. हितं खड्ड्यात तरी सरतो.

कादर : आधी काढ. हां, निघाली. भागीबाई, टेपचं टोक खाली धरा. पार तळाला.

भागीबाई : धरलं. किती भरलं?

कादर : तीन फूट, अर्धा इंच.