पाळण्यावरचा ब्रुसेल्सचा चौक

त्या तसबिरीचं नाव काढलं की अजून माझं डोकं फिरतं. धाकटे दीर विलायतेहून ब्रुसेल्सच्या जुन्या चौकाची भलीमोठी तसबीर घेऊन आले आणि त्यांनी ती थेट बाळाच्या पाळण्यावर टांगली.

मी म्हटलं, "भाऊजी, मातीच्या भिंतीत खिळा टिकेल का?"

सासूबाई हसल्या. "शिकेल बाईले बठ्ठास्नं भेव वाटस!"

शिकलेल्या बाईला म्हणे सगळ्याचीच भीती! मलाही वाटलं, मीच वेडी. तरी जेवायला बसण्याआधी पाळणा ओढून बाजूला केला. जेवणं चालू असतानाच तसबीर धाडकन कोसळली.

भाऊजी धावले. "अरेरे, चौकाची काच गेली!" बाळाकडे पाहिलंसुद्धा नाही!

मी म्हटलं, "नवी काच बसवा आणि आता तुमच्या उशाशी टांगा."

"छे वहिनी, या भिंतींचा काय भरवसा?"