इंजेक्शनची जोडी

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि शब्दही साधेच, तेवढं सांभाळून घ्या. चिंचवडला कंपनीत होतो तेव्हा खोलीवर एकटाच राहायचो. बोलायला फक्त व्यायामशाळेतला दत्तू. शरीर कमवायला आम्ही टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घ्यायचो आणि ती एकमेकांना टोचायचो.

एकदा मला चक्कर आली. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि म्हणाले, "रक्त फार घट्ट झालंय. इंजेक्शनं बंद कर, जिवावर बेतेल."

हे दत्तूला सांगितलं तर तो हसला. "डॉक्टरचे दंड बघितलेस का? काडीपहिलवान!"

"मी खरंच सोडतोय. पण तुला टोचीन की."

"जो स्वतः घेत नाही, त्याच्या हातून मी घेत नाही. दुसरा जोडीदार बघतो, राव."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सिरिंज उकळून व्यायामशाळेत गेलो आणि दत्तूकडे पाठ करून म्हणालो, "आधी मला टोच."