‘नाही’ म्हणायला माणूस

—हळू बोल म्हणतेय ना! आणि ते बूट काढ आधी. तळव्याला लोखंड लावलेले बूट घालून माझ्या फरशीवर टक् टक् करत शिरतोस, वरच्या खोलीत ऐकू जातं सगळं. काढ. आणि उभाच राहा, बस म्हटलेलं नाही मी. पेयो? कोण पेयो? इथं कुणी पेयोबियो राहत नाही. मार्गालिदची खाणावळ आहे ही, मी मार्गालिद, आणि वर माझं मांजर झोपलंय. काय? बेकरीवालीनं सांगितलं? तिच्या तोंडाला भट्टीचं झाकण बसवायला हवं एकदा. बरं, आहे. आहे तो वर. म्हणून काय झालं? तुला भेटायचा नाही. तू आजारी माणसाची विचारपूस करायला आलेला नाहीस, तिबो. विचारपूस करायला येणारा वर्षभर आधी येतो, आणि हातात काहीतरी घेऊन येतो. तुझ्या हातात नुसतं हेल्मेट आहे.

किती जण आणलेत? कारंज्यापाशी उभे आहेत ते सगळे सायकलवाले तुझेच ना? दिसतात की मला इथून—रंगीबेरंगी, पोपटांचा थवा बसल्यासारखे. परवा तिकडच्या समुद्रात मागचं चाक बुडवून निघाले असतील, आता खिंडीमागून खिंड चढत पलीकडच्या समुद्रात पुढचं चाक बुडवायचं, फोटो काढायचा, घरी जाऊन भिंतीवर टांगायचा. बुडवा बापडे! माझं त्यांच्याशी भांडण नाही. माझं भांडण तुझ्याशी आहे. आणि त्या जाकिटाशी. कुठल्या तोंडानं ते घालून आलास रे इथं? पिवळं, पाठीवर ‘मार्गदर्शक’ लिहिलेलं—नवीन आहे म्हणतोस? असेल. मला सगळी सारखीच दिसतात.

गेल्या वर्षी त्या दिवशीचं नवीन नव्हतं ना पण, पेयोचं होतं! मार्गदर्शक तो होता, तू साधा गाडीवाला होतास. सायकलस्वारांच्या बॅगा वाहायच्या, केळी सोलून द्यायची, मागून गाडी हाकायची—एवढंच काम. त्यात कमीपणा नाही, मीही भांडीच घासते. पण त्या सकाळी गारपीट येणार हे काय गुपित होतं? तुमच्या प्रत्येकाच्या फोनवर लिहून आलं होतं. धनगरांची मेंढरं आपणहून खाली उतरली होती. पेयो इथंच, या अंगणात उभा राहून म्हणाला, ‘आज खिंड नाही. सगळ्यांनी गाडीत बसायचं, खालच्या रस्त्यानं पलीकडे जाऊ.’ झालं, तुमच्यातला तो लियों शहरातला दातांचा डॉक्टर उसळला—‘मी हिवाळाभर तळघरात सायकल मारली ती गाडीत बसायला नाही. एक खिंड गाळली तर समुद्र ते समुद्र राहिलं कुठं?’ पेयो म्हणाला, ‘दोन्ही समुद्र जागच्या जागी असतात हो, पळून जात नाहीत.’ मी हसले. तूही हसलास, मी पाहिलंय. आणि मग पेयोनं काय केलं? सायकल आडवी टाकली रस्त्यात आणि पलीकडे हाताची घडी घालून उभा राहिला. आणि तू काय केलंस? तू सहलीच्या ऑफिसला फोन लावलास.

गिऱ्हाईक म्हणेल तसं करा, म्हणाले ना ते? मग जाकीट काढून घे म्हणाले ना? तू मागायला गेलास तेव्हा तुझी मान खाली होती, एवढं कबूल करते. ‘पेयो, ते म्हणताहेत...’ असं काहीतरी पुटपुटलास. त्यानं बटणं सोडली, जाकीट तुझ्या हातात दिलं आणि म्हणाला, ‘वरच्या बोगद्यात सायकलींचे दिवे लावायला सांग त्यांना.’ बस्स. शिवी नाही, काही नाही. मी असते तर तुझ्या कानाखाली काढला असता आवाज!

आणि तुम्ही गेलात. ती म्हातारी बाई, ओदील—शाळेत शिकवायची ना ती?—तिला जायचं नव्हतं. माझ्या या चुलीपाशी हात शेकत म्हणाली, ‘पण मी एकटी गाडीत बसले तर सगळ्यांना वाटेल, हिच्यामुळे आम्हाला थांबावं लागतं.’ असं असतं बघ, माणूस मरायला तयार होतो, पण अडचण व्हायला नाही. पुढचं तुला सांगायला हवं? तुला नाहीच माहीत, कारण तू तिथं नव्हतास. तू गाडी पुढे काढून पलीकडे उतरून कॉफी पीत होतास. वर कड्याच्या रस्त्यावर गारा इतक्या आल्या की बाहेर पांढरं आणि बोगद्यात काळं, आणि त्या काळ्यात गारांना घाबरून शिरलेली, डोंगरात मोकळी चरणारी घोडी उभी. ती बाई पांढऱ्यातून काळ्यात शिरली ती थेट एका घोड्याच्या अंगावर. खुबा मोडला. पडून राहिली. घोडी फुरफुरताहेत, बाई कण्हतेय, आणि तुमच्यातला एकही मागे वळून बघत नाही.

पेयोनं पाहिलं. कामावरून काढलेला माणूस, पण सायकल उचलून तुमच्या मागोमाग चढला. अंगात नुसती बंडी, जाकीट तुझ्या अंगावर. मी ओरडले, ‘अरे, तुझी ती माणसं नाहीत आता!’ तर म्हणाला, ‘माणसं तर आहेत ना.’ बोगद्यात तिला पोटाशी धरून घोड्यांच्या पायांत बसून राहिला, मदतीची गाडी येईपर्यंत. ती बाई आज काठी टेकत का होईना, चालते. नाताळला मला केक पाठवला तिनं, जळका होता, पण पाठवला. आणि पेयोची फुप्फुसं गेली. अख्खा उन्हाळा इस्पितळात. आता हा जिना चढताना मधे थांबतो, भिंतीवरचा फोटो बघायचं नाटक करतो. बघण्यासारखं काही नाही त्या फोटोत, माझ्या मावशीचा आहे. आणि तुमच्या ऑफिसनं काय सांगितलं सगळ्यांना? मार्गदर्शक गटाला सोडून निघून गेला! तुला विचारलं असेल कुणीतरी. तू काय म्हणालास? —हेल्मेटकडे काय बघतोस? तेव्हाही असंच खाली बघितलंस ना, खरं न सांगता?

ऐक, रडूबिडू नकोस माझ्या स्वयंपाकघरात. मला दया येत नाही. खरं सांगू का, एका परीनं तू माझं भलंच केलंस. दर उन्हाळ्यात तो एक रात्र राहायचा इथं, सूप प्यायचा, ‘मार्गालिद, पुढच्या खेपेला चार दिवस राहीन’ म्हणायचा, आणि सकाळी सायकलवर टांग मारून गायब! आता जात नाही कुठं. रोज सकाळी त्याची खोकण्याची उबळ ऐकते आणि मनात म्हणते, आहे, आहे अजून घरात. —हे तुला कशाला सांगतेय मी? विसर. आणि दुसरंही विसर: त्याला वाटतंय तुमच्या सहली बंद झाल्या. मी सांगितलंय तसं. त्याची खिडकी मुद्दाम परसाच्या बाजूची दिलीय, रस्ता दिसत नाही. नाहीतर काय करू? तुमचे पोपट दिसले की तो उठून बूट शोधायला लागेल.

तर बोल आता, कशाला आलास? आभाळ विचारायला? आभाळ तर तुलाही दिसतंय, खिंडीवर कसं काळंनिळं होत चाललंय. फोन तुझ्याकडेही आहे. तुला आभाळ बघायला पेयो नकोय, तिबो. तुला ‘नाही’ म्हणायला पेयो हवाय. त्यानं यावं, कारंज्यापाशी उभं राहावं, शिव्या खाव्यात, आणि तू मागे हात चोळत म्हणावंस, बघा, माझा नाइलाज आहे. आणि तो येईल रे! तू नुसती हाक मारलीस ना, तर धापा टाकत येईल, उघड्या अंगानं येईल. म्हणून तर मी जिन्याच्या तोंडाशी उभी आहे. मला ढकलून जायचं असेल तर जा. नाही? मग ऐक. बाहेर जा आणि तूच सांग. ‘मी, तिबो, नेत नाही.’ त्याचं नाव घ्यायचं नाही, माझं घ्यायचं नाही. ऑफिसला फोन नंतर लाव. जाकीट मागतील, देऊन टाक, थंडीनं मरत नाही माणूस चुलीपाशी. आणि ते सगळे थांबले तर... गोठा मोकळा आहे, मेंढरं डोंगरात आहेत, गवत कोरडं आहे. सुपाचा मोठा टोप चढवते मी. हो, मग ऐकू जाईल त्याला वर. एवढी माणसं गपचूप थोडीच बसणार आहेत? कळेल त्याला. माझ्यावर चिडेल. चिडू दे. ते मी बघून घेईन, तुला त्याची—

—श्श. थांब.

...कोणी नाही, पेयो! पड तू! रस्ता विचारायला आलंय कुणीतरी—

...

—पेयो. तिबो आलाय. हो, तोच. नाही, तू उठू नकोस, त्याचं काम झालंय. निघालाय तो.

बघतोस काय असा? जा. बूट बाहेर जाऊन घाल.