केक करताना

न्हाई न्हाई, वर नका जाऊ आत्ताच, बसा ताई, इथं पंख्याखाली बसा — आन् ते दार लोटा, त्या थर्मल वीजकेंद्राची राख येती, सकाळधरनं दोनदा पुसली फरशी. केकच्या क्लासचंच इचारायचंय ना? हां, तेजश्री, माझी धाकटी जाऊ. वरचा मजला तिचाच. आत्ता पोरं आसतील तिच्याजवळ, मधीच कुनी गेलेलं तिला चालत न्हाई. पोरगी किती वर्साची तुमची? आठ. आन् तुमी ऐकलं की त्या क्लासात एक पोरगी भाजली — म्हनून आधी खाली आलात, त्या पोरीच्या आईकडं. बरं केलं. आईलाच इचारावं.

तसा क्लास चांगला हाय, वाईट कशाला म्हनू मी? गेवराईची हाय ती, पुण्यात शिकून आलेली, लग्न झालं आन् पहिल्याच उन्हाळ्यात ओव्हन आनला. पर नियम! लई नियम. केस बांधा, ओढनी खुंटीला अडकवा, बाह्या वर करा. ओव्हनपासून दोन हात लांब फरशीवर लाल चिकटपट्टी मारलीया, पोरांनी तिच्या अलीकडंच उभं ऱ्हायचं, दार उघडायचं ते मोठ्या मानसानं. हातमोजे हायती तिच्याकडं, कोपरापर्यंत येतेत. मिक्सरची आधी पिन काढायची, मंगच आत हात. पोरं पाढे म्हनावे तसं म्हनतेत हे सगळं, मला खाली भाकरी थापता थापता ऐकू येतं — आन् त्यात सगळ्यात मोठा आवाज कुनाचा? माझ्या पोरीचा, संस्कृतीचा.

नऊ वर्साची हाय. उठली की काकू, जेवताना काकू, शाळेतनं आली की दप्तर खाली फेकती आन् वर पळती. मला म्हनती, "आई, कढईची दांडी बाहेर आलीय, आत वळव. आई, गॅसपाशी पदर खोच." बारा वर्सं सैपाक करते मी ह्या घरात! बरोबर व्हतं हो तिचं, दांडी बाहेरच व्हती — पर शब्द कुनाचे व्हते? त्याचंच लागायचं मला. वेनी घालायलासुदिक वर जायला लागली, काकू केस ओढत न्हाई म्हने. आन् तेजश्रीला लेकरू न्हाई, लग्नाला सहा वर्सं झाली. तुमाला म्हनून सांगते — मला वाटायचं, बाई शिकलेली हाय, गोरी हाय, कमावती हाय, चार लोकं नाव घेतेत, आसू द्या. पर ह्या घरात आई तर मीच हाय ना? आन् तेवढंबी तिनं वर वडून न्यावं? जळत व्हते म्हना. तुमी नका म्हनू, मीच म्हनते.

मंग मागल्या महिन्यात पोरीचा वाढदिवस आला. आठ दिस आधीच तिनं सांगून टाकलं, केक काकूच करनार. म्या काय केलं? तेजश्री बाजारात गेलती, तेवढ्या वेळात मैदा काढला, कुकर काढला, तळाला मीठ पसरलं, रबर काढलं, शिट्टी काढली — येतं हो मला, म्या मोबाईलवर बघितलतं, दोनदा. पोरीला बलावलं, म्हनलं आज आपुन दोघी करू, तू आन् मी. आली. पर तोंड बगा कसं — पाव्हन्याच्या घरी आल्यासारखं. म्हनती, "आई, मी कुठं उभी राहू?" म्हनलं, कुठंबी ऱ्हा, आपलंच घर हाय. म्हनती, "हातमोजे?" म्हनलं, आपल्यात फडक्यानं धरतेत. तर हळूच म्हनती, "काकूला येऊ दे का?" बास, तिथं माझं डोकं फिरलं. म्हनलं, काही गरज न्हाई काकूची, तुझी आई मेली न्हाई अजून.

फुगला व्हता केक, काय सांगू, कसा वर आलता, वास आख्ख्या घरात. माझ्या हाताचा केक! गडबडीत जे हाताला आलं ते फडकं घेतलं, ओलं व्हतं, कळलंच न्हाई. कुकरातनं केकचा डबा उचलला आन् वाफ बोटात शिरली, डबा कलला, केक आता भुईवर जातो — आन् तिनं हात घातला. नुसता हात, मोजा न्हाई. पोरींना आसतंय बगा तसं, काही पडाया लागलं की धरायचं...

न्हाई.

उगं तिच्यावर कशाला घालू. म्या म्हनले. म्या वरडले, "धर, धर गं!" — आन् तिनं धरला. आईनं म्हनलं म्हनून धरला. चटका बसला तरी सोडला न्हाई, वट्यावर नीट ठिवला, मंग किंचाळली.

मी पळाले टूथपेस्ट आनाया. तेवढंच ठावं मला. आन् हे नऊ वर्साचं लेकरू रडत रडत नळाखाली हात धरतंय, म्हनतंय, "पेस्ट नको आई, पाणी, काकू म्हणती नुसतं पाणी, वीस मिनिटं," आन् मंग जोरात, "काकू! काकू!" तेजश्री तेवढ्यात फाटकातनं आत आलती. पिशव्या अंगनात टाकून आली. बोटातली अंगठी काढली पोरीच्या, हात धरला पान्याखाली, आन् मला म्हनली, "आक्का, घड्याळ बघा तुम्ही." दुसरं काही न्हाई. वीस मिनिटं मी घड्याळ बगत उभी. डॉक्टरनं सांगितलं, लगेच पान्याखाली धरला म्हनून थोडक्यात भागलं.

सांजच्याला मालक आले. "कशानं भाजलं?" म्हनलं, केक करताना. एवढंच म्हनले मी ताई, देवाशपथ, एवढंच. पर केक म्हनल्यावर मानूस कुठं बगनार? जिन्याकडंच. गेले वर तरातरा. "दुसऱ्याच्या लेकराला आगीपाशी कावून उभं करता तुम्ही?" आख्ख्या गल्लीनं ऐकलं. मी मागनं गेले, दारात उभी ऱ्हायले. तेजश्रीनं त्यांच्या खांद्यावरनं माझ्याकडं बगितलं, लई वेळ बगितलं, आन् म्हनली, "चुकलं दादा माझं."

कावून म्हनली? सांगा की! कुनी सांगितलतं तिला एवढं मोठं मन करायला? शिव्या दिल्या असत्या मला, तर मीबी चार दिल्या असत्या, मिटलं असतं. त्यातबी तीच वर. बारा पोरं येत व्हती, आता तीन येतेत, आन् तिसरी माझीच, पट्टी बांधलेल्या हातानं. बापानं पोरीला इचारलं, काकूकडंच भाजलं ना? तर पोरगी माझ्याकडं बघत गप. खोटं न्हाई बोलली, पर खरंबी न्हाई बोलली. नऊ वर्साच्या लेकराला गप बसायला शिकवलं म्या. काकूनं काय काय शिकवलं, आन् म्या हे.

काय? हां. हितंच. ह्याच वट्यापाशी. क्लासात कुनाला साधा चटकाबी बसला न्हाई आजपोतर.

तुमी हेच इचाराया आलतात ना? मंग मिळालं उत्तर. जावा वर, घाला पोरीचं नाव. न्हाई, तिला काही सांगू नका, तिला सगळं ठावंय. ज्यांना ठावं न्हाई त्यांना मीच सांगते — तो मोबाईल द्या हिकडं, तुमच्या मागं हाय. न्हाई, चहा न्हाई आता. उठा ताई. तुमी बसल्यावर माझ्याच्यानं बोलवायचं न्हाई. जिना डाव्या हाताला हाय, जावा म्हनलं ना...

हॅलो. कामात हाय का तुमी? न्हाई, संस्कृती बरी हाय. तिचं न्हाई, माझं सांगायचंय. ऐका.