ऑक्टोपसच्या आईचा धडा

रक्त तपासायला उपाशीपोटी आलेल्या बालवर्गाच्या बाईंनी मागच्या बाकावरचा आवाज ओळखला आणि हातातलं मासिक नाकापर्यंत वर घेतलं.

“आई, एक बिस्किट खा ना.”

“रक्त दिल्यावर खाते, चिमणे. आत्ता पोट रिकामं हवं.”

“रिकामं कुठंय? बाळ आहे ना त्यात!”

“तुझ्यापुढे कोण बोलणार बाई!”

“ऑक्टोपसची आईपण काही खात नाही. आमच्या बाईंनी शिकवलं. ती नुसती अंड्यांपाशी बसून राहते.”

“बिचारी! मग?”

“मग पिल्लं बाहेर येतात.”

“अरे वा! आणि मग?”

“मग आई मरते.”

“काय?”

“मरते. आम्ही टाळ्यापण वाजवल्या.”

“अगं, पण मी काय ऑक्टोपस आहे?”

“बाबाच म्हणतात, तुला आठ हात आहेत. खा ना गं आई!”

पोरीचा आवाज रडवेला झाला. मासिक खाली ठेवून त्या मागे वळल्या.

“बाळा, माणसाच्या आईचं तसं नसतं!”

“बाई! मग तुम्ही सांगितलं का नाही?”

“माणसाच्या आईचा धडा सोमवारी आहे गं.”

“आणि बाळ रविवारी आलं तर?”

तेवढ्यात नर्सने दारातून आईला हाक मारली.

“चला ताई. काही खाल्लं नाही ना?”

“आत्ताच खाल्लं,” आई भरल्या तोंडाने म्हणाली. “उद्या येते.”

पोरीने दुसरं बिस्किट बाईंपुढे धरलं. “बाई, आता तुम्ही.”

बाईंनी निमूटपणे तोंड उघडलं.